दीनोचं इंजिन

आपल्याकडे स्विफ्ट डिझेल चालवणाऱ्या कितीतरी जणांना बॉनेटखालचं १.३ लिटरचं इंजिन मूळ फियाटचं आहे, हे ठाऊकच नव्हतं. टाटांच्या इंडिका व्हिस्टातही तेच. गाडी एकाची, इंजिन दुसऱ्याचं, ही या धंद्यातली जुनीच रीत. पण अशा एका इंजिनामागे आपल्याहून थोड्याच मोठ्या मुलाचं आयुष्य आहे.

आल्फ्रेडो फेरारीचा जन्म १९ जानेवारी १९३२ चा, इटलीतल्या मोदेनाचा. नाव आजोबांचं आणि काकांचं; दोघेही १९१६ मध्ये गेलेले. घरात सगळे त्याला दीनो म्हणत. वडील एन्झो तेव्हा स्वतः शर्यतीत उतरायचे. मुलगा झाला आणि त्यांनी स्टिअरिंग सोडलं.

दीनो मोदेनाच्या तंत्रशाळेत शिकला. वडिलांच्या कारखान्यात तो रमायचा, पण पाय साथ देईनात. आजार होता ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. यात स्नायू हळूहळू झिजत जातात, आणि त्या काळी त्यावर इलाज नव्हता. एन्झोंनी मुलाच्या प्रकृतीच्या नोंदी वहीत ठेवायला सुरुवात केली. रोज किती खाल्लं, तपासणीत काय निघालं, सगळे आकडे. बिघडलेलं इंजिन दुरुस्त होतं तसा मुलगाही होईल, असं त्यांना खरोखर वाटत होतं. बाप इंजिनवाला असला की दुसरं काय करणार!

१९५५ च्या हिवाळ्यात दीनो अंथरुणाला खिळला. त्याच्या खोलीत वडील आणि व्हित्तोरियो यानो बसत. यानो साठी ओलांडलेले, आल्फा रोमिओच्या गाजलेल्या गाड्यांचे रचनाकार. चर्चा चाले फॉर्म्युला २ साठीच्या दीड लिटर इंजिनाची. ठरलं व्ही-६. दोन रांगांमधला कोन नेहमीच्या ६० ऐवजी ६५ अंश, म्हणजे मधे हवेच्या नळ्यांना जागा मिळते. यात दीनोचं किती नि यानोंचं किती, यावर अजून वाद आहे. एन्झोंनी श्रेय कायम मुलालाच दिलं. मला विचाराल तर आराखडा यानोंचाच असावा. पण ती चर्चा त्या खाटेशेजारी झाली, हेही खोटं नाही.

३० जून १९५६ ला दीनो गेला. वय २४. इंजिन सुरू झालं ते त्यानंतर काही महिन्यांनी. १९५८ मध्ये त्याच घराण्यातल्या मोठ्या इंजिनावर माइक हॉथॉर्न फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला.

पुढे नियम आला: १९६७ पासून फॉर्म्युला २ चं इंजिन निदान ५०० विकाऊ गाड्यांत बसणारं हवं. फेरारीला एवढ्या गाड्या काढणं झेपणारं नव्हतं. मग १९६५ मध्ये फियाटशी करार झाला. १९६६ ला फियाट दीनो बाजारात आली, मागोमाग मारानेल्लोची दीनो २०६. दोन्हींत तेच दोन लिटरचं इंजिन. गंमत म्हणजे फियाटच्या कागदावर ताकद १६० अश्वशक्ती, दुसरीच्या कागदावर १८०! त्या दुसरीवर फेरारीचा घोडा नव्हता, नुसतं दीनो असं नाव.

नंतर २.४ लिटरचं झालेलं हेच इंजिन लान्चियाने स्ट्रॅटोसमध्ये बसवलं. १९७४, १९७५ आणि १९७६, सलग तीन वर्षं जागतिक रॅली स्पर्धा तिने मारली.