काटकसर चुलीत करा, ताटात नको

विनोबा भावे म्हटले की भूदान आठवते, गीताई आठवते. डॉक्टर म्हणून मला मात्र त्यांच्या आयुष्यातले दोन आकडे फार महत्त्वाचे वाटतात: ८८ पौंड आणि १२८ पौंड. म्हणजे साधारण ४० किलो आणि ५८ किलो. साधे राहून निरोगी कसे राहावे, याचे उत्तर या दोन वजनांच्या मधल्या काळात सापडते.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गागोदे गावी झाला. वडील बडोद्याला नोकरीला असल्याने शिक्षण तिकडे झाले. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी ते मुंबईला निघाले आणि वाटेत सुरतेला उतरून थेट काशीला गेले. त्याच वर्षी ७ जूनला ते अहमदाबादच्या कोचरब आश्रमात पोहोचले, तेव्हा गांधीजी भाजी चिरत बसले होते. गांधीजींनी एक सुरी या पाहुण्याच्याही हातात दिली. आश्रमातला पहिला धडा असा स्वयंपाकघरात मिळाला.

१९२१ मध्ये विनोबा वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी घेऊन तिकडे गेले. पुढे जवळच्या नालवाडीत त्यांनी एक कठीण प्रयोग केला. सूत कातणाऱ्या गरीब बाईला जेवढी मजुरी मिळते, तेवढ्यातच आपले पोट भागते का, हे त्यांना स्वतः अनुभवायचे होते. तासन् तास कातायचे आणि त्या कमाईत राहायचे. मुळातच अशक्त असलेली प्रकृती या वर्षांत ढासळत गेली. १९३८ मध्ये वजन ८८ पौंडांवर आले, तेव्हा सगळ्यांच्या मनात काळजी उभी राहिली.

गांधीजींनी थंड हवेच्या ठिकाणी जाण्याचा सल्ला दिला. विनोबांनी वर्ध्याजवळचेच पवनार निवडले. धाम नदीच्या काठी जमनालाल बजाज यांचा बंगला होता, तिथे ते राहायला गेले. संस्थांची सगळी चिंता बाजूला ठेवली आणि हातात कुदळ घेतली. पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटे खणले. मग रोज थोडी थोडी वेळ वाढवत नेली. सुमारे दहा महिन्यांत वजन १२८ पौंडांवर गेले.

यात चमत्कार नाही. नुसत्या खणण्याने वजन वाढत नसते; पोटात अन्न जावे लागते. पण शक्तीच्या बेताने वाढवलेले श्रम, मोकळी हवा, झोप आणि निश्चिंत मन यांनी भूक परत येते, खाल्लेले अंगी लागते आणि स्नायू भरतात. आजारातून उठलेल्या रुग्णाला आजही आम्ही हेच सांगतो: पाच मिनिटांपासून सुरुवात करा.

१९५० च्या सुरुवातीला विनोबांनी पवनारमध्ये कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैशावाचून, स्वतःच्या श्रमाने अन्न पिकवायचे. बैलही नाहीत. विहिरीचा रहाट आश्रमातली माणसेच ढकलत. आधी बाजारची भाजी बंद झाली, पुढचे ध्येय धान्याचे होते. हा साधेपणा नालवाडीपेक्षा वेगळा होता. इथे पैसा वाचत होता, पण ताट रिकामे राहत नव्हते. ते जमिनीतून भरायचे होते.

हा फरक आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात नीट समजून घ्यायला हवा. पावसाने ओढ दिली की घरखर्चाला पहिली कात्री लागते ती दूध, डाळ आणि भाजीला. त्यातही घरातल्या बाईच्या वाट्याच्या. रक्त कमी झालेल्या, चालताना दम लागणाऱ्या बाया मग आमच्याकडे येतात. ही काटकसर शेवटी महागच पडते. त्यापेक्षा अंगणात एक शेवगा, एक लिंबू, कढीपत्ता आणि भांडी विसळलेल्या पाण्यावर वाढणारी चार वाफे पालेभाजी लावावी. शेवग्याच्या पाल्यात लोह असते. जेवणात लिंबू पिळले की भाजी-भाकरीतले लोह शरीरात जास्त शोषले जाते.

बचत करायचीच तर चुलीत करावी. वर्ध्याच्याच मगनवाडीत, कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघाच्या कामातून, कमी लाकडात जास्त आच देणारी आणि धूर बाहेर काढणारी मगन चूल पुढे आली. लाकडाचा धूर वर्षानुवर्षे छातीत गेला की बिडी न ओढणाऱ्या बाईलाही दम्यासारखा फुप्फुसांचा कायमचा आजार जडतो. गॅस असला तरी डाळ भिजवून, झाकण ठेवून किंवा कुकरमध्ये शिजवली की इंधन वाचते. भाताला दहा मिनिटे उकळी देऊन पातेले घट्ट झाकावे, गोधडीत गुंडाळून ठेवावे. उरलेला भात आतल्या वाफेवर शिजतो. तो गरम असतानाच खावा, तसाच दिवसभर ठेवू नये. राजमा मात्र किमान दहा मिनिटे खळखळून उकळायलाच हवा, नाहीतर पोट बिघडते. मटकीला मोड आणले की क जीवनसत्त्व वाढते आणि ती लवकर शिजते.

विनोबांचे सगळेच अनुकरण करू नये. त्यांना आतड्याच्या अल्सरचा त्रास होता आणि नंतरचा त्यांचा दह्यावरचा मोजका आहार त्यांच्या प्रकृतीपुरता होता. मधुमेही, गरोदर बाई किंवा वाढते मूल यांना तो चालणार नाही.

१८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला भूदानाची सुरुवात झाली, तेव्हा विनोबा पंचावन्न वर्षांचे होते. त्यानंतर तेरा वर्षे ते देशभर पायी फिरले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, पवनारलाच त्यांचे निधन झाले. एके काळी ४० किलोवर आलेल्या माणसाने एवढी मजल मारली. तिची सुरुवात पाच मिनिटे चालवलेल्या कुदळीने झाली होती. तेवढी मिनिटे आणि तेवढी जागा आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगणात निघू शकते.