गुरुदेवांचा आखाडा

रवींद्रनाथ टागोर हे नाव उच्चारताच ‘गीतांजली’चे कवी डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु या कविवर्यांचे बालपण आखाड्याच्या मातीतही लोळले होते.

कलकत्त्यातील जोडासांको भागातल्या वाड्यात १८६१ साली त्यांचा जन्म झाला. वडील बंधूंच्या शिस्तीमुळे बाळ रवीला अंधार असतानाच उठून एका पहिलवानाबरोबर कुस्ती खेळावी लागे. मोहरीचे तेल घातलेल्या त्या मातीने मूल काळे पडेल, अशी मातोश्रींना धास्ती. म्हणून सुट्टीच्या दिवशी त्या बदाम, साय व संत्र्याची साल यांचे उटणे लावून त्याला घासून काढीत. त्याच वाड्यातील स्त्रिया मात्र अंतःपुरात असत. त्या गंगास्नानास निघाल्या, तर पालखीची दारे बंद! भोई पालखीसकट त्यांना पाण्यात बुडवून परत आणीत.

शाळेच्या चार भिंतींचा रवींद्रनाथांना मनस्वी तिटकारा होता. १९०१ साली त्यांनी शांतिनिकेतन येथे झाडांच्या सावलीत आपली शाळा काढली. प्रारंभी अवघे पाच विद्यार्थी, आणि तेही सारे मुलगे. कालांतराने मुलीही तेथे शिकू लागल्या.

१९२९ साली रवींद्रनाथांनी जपानमधून ताकागाकी नावाचे जूदोचे निष्णात शिक्षक आणविले. जूदोत प्रतिस्पर्ध्याचा जोर त्याच्यावरच उलटवून त्याला खाली पाडतात; त्यामुळे सडपातळ देहाचा माणूसही धिप्पाडाला लोळवू शकतो. ही विद्या मुलांबरोबर मुलींनीही शिकावी, असे गुरुदेवांनी ठरविले. भल्या घरच्या मुलीने चारचौघांत कुस्तीचे डाव टाकावेत, ही कल्पनाच त्या काळी अनेकांना असह्य होती. तरीही मुली पुढे आल्या. पडणे, सावरणे, पुन्हा उभे राहणे, असा त्यांचा सराव सुरू झाला.

१९३१ साली कलकत्त्याच्या एका नाट्यगृहात विद्यार्थ्यांनी आपले कौशल्य जाहीररीत्या दाखविले. त्या प्रसंगासाठी सत्तरीला टेकलेल्या कवीने भय व संकोच झुगारून देण्यास सांगणारे एक गीत मुद्दाम रचले होते.

पण संस्थेची तिजोरी नेहमीच रिकामी! ताकागाकींचा खर्च पुढे झेपेना. कलकत्ता महापालिकेने त्यांना ठेवून घ्यावे, म्हणून रवींद्रनाथांनी खटपट केली. ती फळास आली नाही, आणि ताकागाकी निघून गेले. शांतिनिकेतनात जूदो शिकलेल्या मुलींपैकी एक अमिता सेन. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन हे त्यांचेच पुत्र होत.