चिक चॉकलेट आणि ट्रंपेटचे तीन पिस्टन

आमच्या बारामती-इंदापूर भागांत लग्नाची वरात निघाली, म्हणजे बँडच्या पितळी ट्रंपेटचा आवाज दूरवर ऐकूं येतो. हेंच वाद्य हातीं घेऊन मुंबईंत मोठा लौकिक मिळविणाऱ्या एका वादकाचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

त्यांचें खरें नांव आंतोनियो झेवियर वाझ. त्यांचा जन्म १९१६ सालीं गोव्यांतील आल्दोना गांवीं झाला. पोर्तुगीज अमदानींत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांस स्वरलिपि वाचण्यास व वाद्यें वाजविण्यास शिकवीत असत. त्यामुळें मुंबईच्या वाद्यवृंदांत गोमंतकीयांचा भरणा मोठा होता. अमेरिकेंतील थोर ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांस आदर्श मानून वाझ यांनीं जाझ संगीताची उपासना केली. पुढें ‘चिक चॉकलेट’ या नांवानें ते प्रसिद्धीस आले व आपलें वादकपथक घेऊन ताजमहाल हॉटेलांत वाजवूं लागले.

असें द्रुत वादन केवळ श्वासाच्या बळावर होत नाहीं. ट्रंपेटला तीन पिस्टन असतात. मधला दाबला असतां स्वर अर्ध्या पायरीनें उतरतो, पहिला दाबल्यास एक व तिसरा दाबल्यास दीड पायरीनें. बोट उचलतांच पिस्टन तत्काळ वर आला पाहिजे. परंतु फुंकीबरोबर ओलावा आंत जातो, त्यावर मळ धरतो आणि पिस्टन अडकतो; मग भर सभेंत उत्तम वादकाचीही फजिती होते. म्हणून पिस्टन एकेक काढून कोमट पाण्यानें धुवावा, मऊ फडक्यानें पुसावा, पातळ तेलाचे दोन-चार थेंब द्यावे व ज्याचा त्याच नळींत नीट बसवावा. जागा चुकल्यास हवेचा मार्गच बंद होतो.

पुणतांबें येथें जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनीं चिक यांस चित्रपटसंगीतांत साहाय्यक म्हणून घेतलें. त्या काळीं वादकांचीं नांवें पडद्यावर क्वचितच येत. ज्यांच्या सुरांवर लोक डोलत, त्यांस कोणी ओळखत नसे. १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटांत मात्र चिक आपल्या पथकासह पडद्यावर दिसले, हें त्यांचें भाग्य होय. १९६७ सालीं ते निवर्तले.

बालमित्रहो, वाद्याची बाहेरील झळाळी सर्वांस दिसते. आंतील पिस्टन कोणासही दिसत नाहींत. तथापि सूर शुद्ध निघतो तो त्यांच्याच निर्मळपणामुळें. वरातींतील बँडवाल्याकडे यापुढें पाहाल, तेव्हां त्याच्या या न दिसणाऱ्या श्रमाचीही आठवण ठेवा.