भाऊसाहेबांचा मतदार

इंदूरनजीकच्या सांवेर मतदारसंघात २०१८ साली तुलसी सिलावट काँग्रेसच्या चिन्हावर थोडक्या मतांनी विजयी झाले. २०२० साली पक्ष त्यागून ते भारतीय जनता पक्षातर्फे पोटनिवडणुकीस उभे राहिले आणि पन्नास हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. तेथे उमेदवार तोच राहिला, पक्ष पालटला. गोमंतकाने याच्या नेमके उलट पाहिले आहे. येथे पक्ष टिकला आणि त्याचे मुख्य धोरणच कोसळले. भाऊसाहेब बांदोडकरांचे चरित्र म्हणूनच पुन्हा आठवावेसे वाटते.

१९११ साली पेडण्यात जन्मलेले दयानंद बांदोडकर खाण व्यवसायात नावारूपास आले. त्यांच्या दातृत्वाची कीर्ती राजकारणापूर्वीच गावोगाव पोहोचली होती. १९६३ साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष निघाला. विलीनीकरणाचे धोरण त्याच्या नावातच होते. त्याच डिसेंबरात भाऊसाहेब पहिले मुख्यमंत्री झाले. जनमत कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून १९६६ च्या डिसेंबरात त्यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी फुलाला १,३८,१७० आणि दोन पानांना १,७२,१९१ मते पडली. ज्या प्रश्नासाठी पक्ष जन्मला तो निकालात निघाला. पक्षही आता आटोपला, असे कोणासही वाटावे. परंतु मार्चअखेर निवडणूक झाली आणि भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले!

कौलात सरळ सामना होता, निवडणुकीत विरोधी मते फुटली, असा खुलासा केला जातो. तो खोटा नाही, अपुरा आहे. १९७२ साली विलीनीकरण मागे पडले होते, १९७० च्या बंडाळीने पक्ष हादरला होता. तरीही ३० पैकी १८ जागा त्याच पक्षाला मिळाल्या. आमच्या मते कुळाने मत दिले ते नकाशाला नव्हे. १९६४ च्या कूळ कायद्याने भाटकाराच्या मनमानीस आळा घातला, खंडावर मर्यादा आणली. खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. हीसुद्धा धोरणेच होती, फक्त पक्षाच्या नावात नव्हती. अंध पक्षनिष्ठा म्हणून शहरी मंडळी जिची हेटाळणी करतात, तिच्यात असा बराच हिशेब असतो. भाऊसाहेबांनीही तो ओळखला असावा.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. मुख्यमंत्रिपद त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांच्याकडे आले, आणि १९७७ सालीही सत्ता त्याच पक्षाकडे राहिली.