कस्तुरीकडून टेस्टोस्टेरॉनकडे

पुरुषाला दाढी-मिशा आणि घोगरा आवाज देणाऱ्या टेस्टोस्टेरॉनची कहाणी मला एका पिंपे बनवणाऱ्या कारागिराच्या मुलापासून सांगावीशी वाटते. लिओपोल्ड रुझिच्का १८८७ साली आजच्या क्रोएशियातील वुकोवार येथे जन्मले. चौथ्या वर्षीच वडील गेले. आईने वाढवलेला हा मुलगा कार्ल्सरूहला रसायनशास्त्र शिकला आणि १९१२ मध्ये गुरू श्टाउडिंगर यांच्याबरोबर झुरिकला आला.

अत्तराच्या कारखानदारांच्या पैशावर त्यांचे संशोधन चाले. एवढे मोठे कार्बनचे कडे टिकणारच नाही अशी तेव्हा समजूत होती, पण कस्तुरीच्या गंधद्रव्यात पंधरा कार्बन अणूंचे कडे असते हे त्यांनी १९२६ मध्ये सिद्ध केले.

१९३५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या लाकर यांच्या चमूने सुमारे १०० किलो वळूंच्या वृषणांतून जेमतेम १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन मिळवले. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का या दोघांनी, आठवड्याच्या अंतराने, ते कोलेस्टेरॉलपासून तयार केले. कोलेस्टेरॉलच्या रेणूची लांब शेपटी क्रोमिक आम्लाने तोडायची, त्यात बराच माल वाया घालवायचा आणि उरलेल्या डीएचईए या रेणूवरून पुढे जायचे, अशी ती वाट होती.

मला नवल वाटते ते पुढेच. आपल्या वृषणातील लायडिग पेशीही डीएचईएच्याच मुक्कामावरून जातात. पण आम्लाऐवजी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, वापरून. पहिले विकर शेपटीचा मोठा भाग कापते, दुसरे उरलेला, पुढची विकरे रेणू पुरा करतात. पहिल्या विकरापाशी कोलेस्टेरॉल किती पोचवायचे, हे मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचे एलएच हे संप्रेरक ठरवते. रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढले की एलएच कमी होते आणि काम मंदावते.

या साखळीतले शेवटचे एक विकर जन्मतः सदोष असले, तर मुलाचे बाह्य अवयव मुलीसारखे दिसू शकतात. घरात ते मूल मुलगी म्हणून वाढते आणि वयात येताना त्याचा आवाज फुटतो. त्या घरावर काय गुदरत असेल! या विकराचे जनुक १९९४ मध्ये सापडले आणि अशा घरांना निदान कारण तरी सांगता येऊ लागले.

१९३९चे नोबेल रुझिच्का आणि बुटेनांट यांना विभागून मिळाले. बुटेनांट यांना नाझी सरकारने ते नाकारायला लावले. रुझिच्कांनी पेटंटच्या पैशातून जुनी डच चित्रे घेतली आणि झुरिकच्या कलासंग्रहालयाला देऊन टाकली. १९७६ मध्ये ते निवर्तले. प्रयोगशाळेत त्यांनी पायऱ्या मोजल्या. त्या पायऱ्यांवरचे पहारेकरी ओळखायला मात्र पुढच्या पिढ्या लागल्या.