बदीउज्जमान अल-जजरी

दजला आणि फुरात या दोन नद्यांमधील प्रदेशाला अरबीत अल-जजीरा म्हणतात. याच भूमीवरून इस्माईल इब्न रज्जाज यांना अल-जजरी हे नाव मिळाले. आमिद, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील दियारबकिर, येथे अर्तुकी राजघराण्याच्या सेवेत त्यांनी सुमारे 25 वर्षे घालवली. सुलतान नासिरुद्दीन महमूद यांच्या आज्ञेवरून हिजरी 602, म्हणजे इसवी सन 1206 मध्ये, त्यांनी आपला यंत्रविषयक अरबी ग्रंथ पूर्ण केला. त्यात 50 यंत्रे आहेत.

त्यांपैकी एक नौका फार प्रसिद्ध आहे. तलावावर तरंगणाऱ्या या नौकेत चार वादकांच्या पुतळ्या बसवलेल्या होत्या. वर साठवलेले पाणी ठरावीक अंतराने खाली कोसळे व एक चाक फिरवी. चाकाच्या आसावर खुंट्या ठोकलेल्या असत. खुंटी फिरता फिरता दांडीला लागली की पुतळीचा हात उचलला जाई आणि वाद्यावर पडे. खाली बंद भांड्यात साचणारे पाणी आतली हवा बाहेर लोटी, त्या हवेने बासरी वाजे. आधुनिक काळात काही अभ्यासकांनी असे मत मांडले आहे की खुंट्यांच्या जागा बदलल्या असता ठेकाही बदलता आला असता.

ही नौका शाही मद्यपानाच्या मैफलींसाठी होती, हे आपले काही लेखक गाळतात. ते गाळू नये. मद्य हराम आहे आणि दरबारात ते चालत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वाद्यांविषयी उलमांमध्ये दीर्घ चर्चा आहे, ती येथे करीत नाही. परंतु खुंटी आणि दांडीची विद्या त्या मैफलीची मिरास नव्हती.

कारण याच कारागिराने वुजूसाठीही यंत्र केले. सेवकाने किंवा दासीने हातावर पाणी घालावे, हे सुलतानांना आवडत नसे. म्हणून अल-जजरींनी सुरई धरलेला पुतळा घडवला. तोच पाणी ओतून देई. विहिरीचे व नदीचे पाणी वर चढवण्यासाठी त्यांनी पाच यंत्रे वर्णिली. त्यांतील काहींत जनावर फिरवील त्या दातेरी चाकांची जुळणी आहे, आपल्याकडील रहाटाच्या जातीची, तर एक यंत्र नदीच्या प्रवाहानेच चाले.

अल-जजरींनी करून पाहिल्यावाचून लिहिले नाही. भाग कसा ओतावा, कसा घासावा, कोणत्या मापाचा घ्यावा, हे सारे त्यांनी आकृत्यांसह नोंदवले. 1976 मध्ये लंडनच्या विज्ञान संग्रहालयात त्या नोंदींवरून त्यांचे भव्य जलघड्याळ पुन्हा उभारण्यात आले, आणि ते चालले.