विश्लेषण : बर्फात अडकलेला बाप ते ‘स्की-डू’... स्नोमोबाइल घडवणारे बॉम्बार्डिए कोण होते?

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातलं व्हॅल्कोर हे छोटंसं गाव. 1934चा हिवाळा. जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांच्या दोन वर्षांच्या मुलाचं अपेंडिक्स फुटून पोटात संसर्ग पसरला होता. रुग्णालय शेरब्रुकला आणि रस्ते बर्फाखाली. बर्फावर चालणारी गाडी त्यांच्याच गॅरेजमध्ये होती, पण अर्धवट. मूल वाचलं नाही.

वेड जुनंच होतं

बॉम्बार्डिए यांचा जन्म 1907चा. वयाच्या 15व्या वर्षी त्यांनी फोर्ड गाडीचं जुनं इंजिन आणि विमानासारखा लाकडी पंखा घसरगाडीवर बसवला. ती चालली, पण उघड्या पंख्याने एखाद्याचा हात जाईल म्हणून वडिलांनी ती मोडायला लावली. वडिलांचं चुकलं नव्हतं. पुढे धर्मगुरू होण्याचं शिक्षण सोडून 1926मध्ये त्यांनी गावातच गॅरेज थाटलं. उन्हाळ्यात गाड्यांची दुरुस्ती आणि हिवाळ्यात प्रयोग.

नेमकं काय शोधलं?

मऊ बर्फात चाक रुततं. वजन मोठ्या पृष्ठभागावर पसरवायचं तर रुंद पट्टा हवा आणि तो ओढायला पक्की पकड हवी. त्यांनी रबराचं आवरण असलेलं दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा रबरी पट्टा जुळवला. 1937मध्ये पेटंट मिळालं. सात जणांची ‘बी-7’ आली, मग बारा आसनी ‘बी-12’. डॉक्टर, टपाल, शाळकरी मुलं यांची हिवाळ्यातली ने-आण या गाड्यांनी केली. 1942मध्ये कंपनी स्थापन झाली.

धंद्याला फटका मात्र सरकारी निर्णयाने बसला. 1948मध्ये क्वेबेकने ग्रामीण रस्त्यांवरचा बर्फ हटवायला सुरुवात केली आणि गाड्यांची मागणी घसरली. बॉम्बार्डिए मग दलदल आणि जंगलात चालणाऱ्या यंत्रांकडे वळले. एक-दोन माणसांसाठी हलकी गाडी करायचं जुनं स्वप्न 1959मध्ये ‘स्की-डू’ म्हणून उतरलं. कुत्र्यांच्या गाडीची जागा घेणार म्हणून नाव ‘स्की-डॉग’ ठरलं होतं. छापताना अक्षर चुकलं आणि तेच राहिलं, असं सांगितलं जातं. दुर्गम भागांत फिरणाऱ्या माणसांसाठी बनवलेली ही गाडी लोकांनी खेळ म्हणूनच डोक्यावर घेतली.

आजच्या गाडीत बिघाड कुठे होतो?

खालच्या पट्ट्याचा प्रश्न त्यांनी सोडवला, पण आजच्या स्नोमोबाइलमध्ये आणखी एक पट्टा असतो : इंजिनची ताकद पुढे नेणारा ड्राइव्ह बेल्ट. आपल्या गिअरलेस स्कूटरमध्ये असतो तसाच. एक पुली इंजिनवर, दुसरी मागे. वेग वाढला की पहिली मिटते, दुसरी उघडते आणि गिअर न टाकता गुणोत्तर बदलतं. सगळी ताकद पट्टा आणि पुली यांच्या घर्षणातून जाते. त्यामुळे पुलीवर ग्रीस लागलं की पट्टा घसरतो, तापतो, काचेसारखा गुळगुळीत होतो आणि शेवटी तुटतो.

तपासणी इंजिन बंद व थंड असताना, झाकण काढून करायची. पट्ट्याला भेगा, सुटलेले धागे आहेत का, रुंदी पुस्तिकेतल्या मर्यादेखाली गेली आहे का, हे बघायचं. पुलीचे उतार पुसून कोरडे ठेवायचे. दोन्ही पुली एका रेषेत नसतील तर नवा पट्टाही एका बाजूने झिजतो. पुलीचा बोल्ट अंदाजाने आवळू नये. टॉर्क रेंच लावून पुस्तिकेतल्या आकड्याइतकाच आवळायचा. सैल राहिला तर पुली डुगडुगते, जास्त आवळला तर बोल्ट ताणला जाऊन तुटू शकतो. जाणते चालक जादा पट्टा सोबत नेतात, कारण उणे तापमानात वस्ती दूर असते.

पुढे काय झालं?

बॉम्बार्डिए 18 फेब्रुवारी 1964 रोजी कर्करोगाने गेले, वय अवघं 56. कंपनी पुढे विमानं आणि रेल्वेत शिरली. मुंबईकरांनी ते नाव ‘बम्बार्डियर लोकल’मुळे ऐकलं. तिचा रेल्वे व्यवसाय 2021मध्ये अल्स्टॉमकडे गेला. स्की-डू बनवणारा विभाग 2003मध्येच वेगळा झाला होता. व्हॅल्कोरमधलं ते पहिलं गॅरेज आता संग्रहालयात जपलं आहे.